आधी मनोरा, मग मनगट

मित्रांनो, मी एक जुने घड्याळ आहे. भिंतीवरचे नव्हे, आणि मनगटावरचे तर मुळीच नव्हे. रोक्काव्हेन्तो गावच्या चर्चचा जो मनोरा आहे, त्याच्या ब्याण्णव पायऱ्या चढून गेलात की मी भेटेन. धापा टाकतच भेटाल. वर आल्यावर कृपा करून एकच गोष्ट करा. कशालाही हात लावू नका. माणसांच्या हातांनी मी आता पुरता वैतागलो आहे.

माझा जन्म उत्तरेकडच्या डोंगरातल्या एका कारखान्यात झाला. माझी दातेरी चाके तिथल्या कारागिरांनी एकेक करून कानसली. मग मला खोलून, गवतात गुंडाळून, तीन खेचरांवर लादून या गावी आणले. दोन दगडी वजने दोरांना टांगली, उंच माणसाएवढा लंबक लावला, आणि एका रविवारी मी पहिले बारा ठोके दिले. तेव्हा चौकात उभ्या असलेल्या बायका रडल्या म्हणतात. पुरुषांनी टोप्या काढल्या. त्याआधी हे गाव कोंबड्याच्या भरवशावर होते, आणि इथला कोंबडा जत्रेतल्या भविष्यवाल्याइतकाच विश्वासू होता. माझे कौतुक झाले ते तेवढेच. त्यानंतर लोकांना माझी सवय झाली. सवय झाली की कौतुक संपते, हे तुम्हालाही घरात कळले असेल.

माझी तक्रार कामाची नाही. काम मी आनंदाने केले. तक्रार आहे ती लहरींची.

पहिले मोठे युद्ध सुरू होते तेव्हा राजधानीतून हुकूम आला की उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे करा, कोळसा वाचेल. केली. चार-पाच वर्षांनी म्हणाले, राहू द्या. राहू दिले. दुसरे युद्ध आले, पुन्हा पुढे करा. ते संपले, पुन्हा राहू द्या. मग पंधरा-वीस वर्षे शांततेत गेल्यावर कुणाला तरी चैन पडेना, आणि तो हुकूम परत आला तो आजतागायत गेलेला नाही. मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे, सप्टेंबरच्या शेवटी एक तास मागे. नंतर म्हणाले, सप्टेंबर नको, ऑक्टोबर करा. अहो, एक तर धड ठरवा! आमच्याकडे उन्हाळ्यातल्या वेळेला कायद्याची वेळ म्हणतात आणि हिवाळ्यातल्या वेळेला सूर्याची वेळ. सूर्याने मात्र आजवर कुणाचा हुकूम वाचलेला नाही.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचा सगळा गोंधळ तिच्यावरच उभा आहे. माझे काटे आणि माझी घंटा ही दोन वेगळी कामे आहेत. काटे कुणीही ढकलू शकतो. घंटेचे ठोके मात्र एका वेगळ्या चाकावरच्या खाचांनी मोजले जातात. दहानंतर अकरा, अकरानंतर बारा, बारानंतर एक. ते चाक एकाच दिशेला फिरते. तुम्ही काटे मागे ढकलले तरी ते मागे येत नाही. त्याला आपली मोजणी ठाऊक असते.

म्हणूनच ऑक्टोबरात माझे काटे कधीच मागे न्यायचे नसतात. त्याऐवजी मला थांबवायचे असते. लंबक हातात धरायचा, बरोबर एक तास धरून ठेवायचा, आणि सोडून द्यायचा. तेवढ्यात जग येऊन मला गाठते. मार्चमध्ये सोपे असते, काटे एक फेरा पुढे न्यायचे आणि घंटेला तिचा ठोका पुरा करू द्यायचा. ऑक्टोबरात मात्र माणसाला माझ्याजवळ बसावे लागते.

माझ्याजवळ बसणाऱ्या बाईचे नाव एर्सिलिया. तिच्या वडिलांनी मला तीस वर्षे किल्ली दिली आणि त्यांचे पाय गेल्यावर तिने दिली. रोज संध्याकाळी ती ब्याण्णव पायऱ्या चढायची, लोखंडी दांडा फिरवून दोन्ही दगड वर आणायची, चाकांना तेलाचे बोट लावायची आणि खाली उतरायची. बोलायला तिला वेळ नसायचा. खाली शेळ्या, चूल, आजारी नवरा, आणि नवरा गेल्यावर त्याचीही कामे.

फक्त ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी ती बसायची. कायद्यात लिहिलेले असते की वेळ रविवारी पहाटे तीनला बदलते, पण पहाटे तीनला ब्याण्णव पायऱ्या कोण चढणार? एर्सिलियाच्या वडिलांनी ठरवून टाकले होते की रोक्काव्हेन्तोची वेळ शनिवारी संध्याकाळीच बदलेल. सहाला एक मिनिट कमी असताना ती लंबक धरायची, त्याला दोरीचा फास घालायची, वडिलांचे खिशातले घड्याळ मांडीवर ठेवायची आणि ओच्यातले भाजलेले चेस्टनट सोलायला बसायची. मग ती वर्षभराचे सगळे मला सांगायची. कोणती शेळी गाभण आहे, बहिणीने कशावरून अबोला धरला आहे, नवऱ्याची कोणती शिट्टी अजून कानात वाजते. मी थांबलेलो असायचो, त्यामुळे टिकटिकसुद्धा मध्ये येत नसे. तास भरला की ती टरफले ओच्यात गोळा करायची, फास काढायची आणि लंबकाला म्हणायची, "चल, सोडलं."

एक मिनिटानंतर मी सहा ठोके द्यायचो. त्या वेळी सारा गाव चौकात जमलेला असे. सहावा ठोका पडला की सगळी मनगटे वर येत, बोटे चावीवर जात, आणि सगळा गाव एकदम आपापली घड्याळे लावून घेई. रेडिओने काहीही सांगो, टीव्हीने काहीही दाखवो, रोक्काव्हेन्तोत म्हण आहे, "आधी मनोरा, मग मनगट." बाहेरगावाहून येणारा माणूससुद्धा बसमधून उतरताना आधी माझ्याकडे बघतो आणि मनगटावरचे घड्याळ जुळवतो. तालुक्याला गेले की घड्याळ बिघडते, अशी इथे सगळ्यांची खात्री आहे. पुढे जे झाले ते याच सवयीने केले. दुसऱ्या कुठल्या गावात ते झालेच नसते.

गोष्ट पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वीची. त्या वर्षी ग्रामपंचायतीत ओत्तोरिनो नावाचा नवा कारकून आला होता. मुलगा इथलाच, पण दहा वर्षे शहरातल्या कचेरीत काढून आलेला. कागदावर शिक्का दिसला की तो उठून उभा राहायचा. त्या शनिवारी तो तालुक्याच्या कचेरीत गेला होता. तिथून तो एक परिपत्रक घेऊन शेवटच्या बसने परतला. परिपत्रकात लिहिले होते की सर्व सार्वजनिक घड्याळे एक तास मागे घेतल्याची खात्री संबंधित कर्मचाऱ्याने जातीने करावी.

चौकात उतरताना ओत्तोरिनोने माझ्याकडे पाहिले. त्याचे घड्याळ माझ्यापेक्षा तासभर पुढे होते.

"बघा, तालुक्याला गेलं की बिघडलंच," असे तो बसवाल्याला म्हणाला आणि त्याने आपले घड्याळ माझ्याशी जुळवले. वेळ शनिवारी संध्याकाळी बदलते, हे त्याच्या डोक्यातून शहरात कधीच निघून गेले होते. सवय मात्र हातात राहिली होती.

रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तो वर आला. कचेरीच्या खणातली, मनोऱ्याच्या दाराची गंजलेली दुसरी किल्ली त्याने आणली होती. त्याने मनगट पाहिले. सात दहा. माझी तबकडी पाहिली. सात दहा.

"म्हणजे कुणी हातच लावलेला नाही!" तो स्वतःशीच म्हणाला. "पंचायत झोपली आहे, गाव झोपलं आहे. सगळं आपल्यालाच करावं लागतं."

मित्रांनो, मला तोंड असते तर मी त्या वेळी जे बोललो असतो ते मुलांच्या पुस्तकात छापता आले नसते. त्याने माझ्या काट्यांचा दांडा धरला आणि जोर लावून उलटा फिरवला. माझ्या एका पट्टीतून अशी कळ गेली की काय सांगू. सात दहाचे सहा दहा झाले. मग त्याने परिपत्रकावर वेळ आणि सही टाकली, हात झटकले आणि तो खाली गेला. आता काट्यांप्रमाणे गाव खऱ्या वेळेच्या एक तास मागे गेला होता. घंटेचे चाक मात्र जागचे हलले नव्हते.

त्याच दिवशी अकराला लग्न होते. मुलगी गावातलीच, लोरेदाना. तिचा बाप्तिस्मा झाला तेव्हा एर्सिलियानेच तिला हातांवर धरले होते, आणि आता नवरीच्या घरी पहाटेपासून तीच राबत होती. मुलगा सिल्व्हेरिओ, खालच्या खोऱ्यातल्या गावचा. त्याच्या आईला, योलांदाबाईला, डोंगरातली सून मुळातच पसंत नव्हती. ती कारण शोधतच होती, आणि ते मी तिच्या हातात आयते ठेवले. मी म्हणजे माझ्या काट्यांनी.

लोक उठले, खिडकीतून माझ्याकडे बघितले, आणि घरोघरी घड्याळे पुन्हा मागे झाली. "काल नीट लागलं नव्हतं वाटतं," असे म्हणून सगळ्यांनी मुकाट्याने चावी फिरवली. कुणाला शंका आली नाही. मनोरा चुकतो, हे या गावाच्या कल्पनेतच बसत नव्हते.

मी काय करू शकत होतो? मी ठोके देत होतो. काटे नऊवर आले तेव्हा मी दहा ठोके दिले. कानठळ्या बसतील असे दिले.

नवरीच्या घरात एर्सिलियाच्या हातातली टाचणी थांबली.

"दहा पडले," ती म्हणाली.

"नऊ गं मावशी," लोरेदाना आरशातून म्हणाली. "भिंतीवर बघ. आत्ताच तर लावलंय."

"मी मोजले. दहा."

"अगं, लग्नघर आहे," नवरीची आई म्हणाली. "एकीकडे भांडी वाजतायत, एकीकडे पोरं. एखादं भांडं धरलं असशील मोजण्यात. आणि साठी उलटली आता तुझी, कान थोडेच तसे राहणार?"

सगळ्या बायका हसल्या. एर्सिलियासुद्धा हसली, पण तिने खिडकीतून तबकडीकडे पाहिले आणि तिचा चेहरा पडला. वडिलांचे घड्याळ ती घरी ठेवून आली होती. आयुष्यभर माझे ठोके मोजणारी बाई, आणि तिला वाटले की आता आपले कान गेले. मला त्या सकाळचे सर्वांत जास्त दुःख याचेच आहे. मी तिला खरे सांगितले होते आणि तिने स्वतःलाच खोटे ठरवले.

खरे अकरा वाजले तेव्हा खोऱ्यातून चार मोटारी चौकात येऊन थांबल्या. चर्चचे दार बंद. फादर एझिओ घरी दाढी करत होते. सरपंच अत्तिलिओचे चौकात कॉफीचे दुकान आहे, त्याचीही फळी लावलेली. चौकात एक मांजर तेवढे होते.

योलांदाबाई मोटारीतून उतरली. तिने आधी मांजराकडे पाहिले, मग माझ्याकडे. काटे दहावर होते. आणि नेमके तेव्हाच मी अकरा ठोके दिले.

"ऐकलंस?" ती मुलाला म्हणाली. "घंटा अकरा म्हणते, काटे दहा म्हणतात. या गावाचं तोंड एक सांगतं, जीभ दुसरंच! असल्या घरातली पोर आणतोयस तू."

"आई, काहीतरी गडबड झाली असेल," सिल्व्हेरिओ म्हणाला.

"गडबड? लग्नाच्या दिवशी कुत्रंसुद्धा नाही स्वागताला. मुलीचा विचार बदललाय, आणि तुला सांगायची कुणाची छाती नाही. चल, बस गाडीत. शोभा झाली तेवढी पुरे."

सिल्व्हेरिओ उभाच राहिला. त्याच्या कोटाच्या खिशातले फूल एव्हाना कोमेजायला लागले होते. चारही मोटारींची दारे एकेक करून लागू लागली.

तेवढ्यात कोपऱ्यावरून निकान्द्रो आला. निकान्द्रो मेंढपाळ. काळा कोट, त्याला मेंढ्यांचा वास, आणि काखेत कापडात बांधलेला चीजचा गोळा. त्याला दहा हातांपलीकडचे दिसत नाही. गेली कित्येक वर्षे तो डोंगरावरून फक्त माझी घंटा ऐकत आला आहे.

"उशीर नाही ना झाला?" त्याने विचारले. "अकरा पडले तसा पाय उचलला. नवरदेव तूच का रे?"

"आजोबा, इथे कुणीच नाही," सिल्व्हेरिओ म्हणाला.

"कुणीच नाही कसं? मी आहे की."

"आम्ही निघालोय," योलांदाबाई काचेतून म्हणाली. "तुमच्या गावाला वेळेची चाड नाही."

निकान्द्रोने डोके खाजवले. "बाई, घंटा अकरा म्हणाली म्हणजे अकरा. माणसं कुठे गेली ते मला ठाऊक नाही. पण पोर रडेल हो, तुम्ही गेलात तर. जरा थांबा."

"नाही थांबणार."

"बरं," म्हातारा म्हणाला. त्याने दोन बोटे तोंडात घातली आणि शिट्टी मारली.

गावातून खाली जायला एकच रस्ता आहे, आणि त्याच्या पहिल्याच वळणावर निकान्द्रोचा मेंढवाडा आहे. दोन कुत्र्यांनी फाटकाची काठी खाली पाडली आणि सव्वाशे मेंढ्या रस्त्यावर आल्या. पहिल्या मोटारीने भोंगा वाजवला. मेंढ्यांना भोंगा आवडतो. त्या आणखी जवळ आल्या.

"मेंढरं बाजूला घ्या!" योलांदाबाई ओरडली.

"घेतो की," निकान्द्रो चीजचा गोळा उघडत म्हणाला. "पण त्यांची ही रस्त्यावर यायची वेळ. त्यांना ना सूर्याची वेळ कळते ना कायद्याची. तोवर चीज खा. चांगलं मुरलंय."

इकडे नवरीच्या घरात एर्सिलियाने या वेळी बोटांवर मोजले होते. अकरा. भिंतीवर दहा. तिने टाचणी खाली ठेवली.

"माझे कान शाबूत आहेत," ती म्हणाली. "घंटा एकने पुढे आहे. म्हणजे कुणीतरी काटे मागे ढकलले. लोरेदाना, वेणी राहू दे, बूट घाल. आत्ता अकरा वाजून गेलेत!"

"अगं पण..."

"घाल म्हणते ना!"

ती ठेवणीतल्या रेशमी पोशाखात ब्याण्णव पायऱ्या धावत चढली. वर आली तेव्हा तिच्या छातीचा भाता झाला होता. तिने माझ्या ताणलेल्या पट्टीवरून बोट फिरवले आणि एवढेच म्हणाली, "कुणी केलं रे तुला हे?" मग तिने एका हाताने घंटेचे चाक धरून ठेवले, दुसऱ्याने काटे पुढे आणून खऱ्या वेळेला नेले आणि लग्नाच्या घंटेचा दोर ओढायला सुरुवात केली. तो तिने दहा मिनिटे ओढला. अर्ध्या गावाने तोंडाला साबण असतानाच दारे उघडली. फादर एझिओ एका गालाची दाढी करून आले. लोरेदाना एका बाजूची वेणी सोडलेली अशीच धावत चौकात आली, आणि सिल्व्हेरिओ मोटारींमधून, मेंढ्यांमधून वाट काढत तिच्याकडे पळाला. योलांदाबाईला आता उतरण्यावाचून गत्यंतर नव्हते. चर्चमध्ये ती पहिल्या बाकावर बसली, तेव्हा तिच्या तोंडात चीज होते. लग्न लागले.

पण खापर फोडायला डोके लागतेच, आणि ते एर्सिलियाचे होते.

पुढच्या रविवारी शाळेच्या वर्गात सभा भरली. मोठी माणसे छोट्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून बसली होती. शाळा माझ्या पायथ्याशीच आहे आणि खिडक्या उघड्या होत्या. जे दिसले नाही ते मला नंतर एर्सिलियाने सांगितले, म्हणून शब्दन् शब्द ठाऊक आहे.

"कुणाला दोष द्यायचा नाही," सरपंच अत्तिलिओ म्हणाला, म्हणजे आता दोष द्यायचा होता. "एर्सिलियाने खूप केलं गावासाठी. पण वय झालं. शनिवारी हात थरथरला असेल, काही चुकलं असेल. खोऱ्यातले लोक आपल्याला हसतायत. मी म्हणतो, किल्ली पंचायतीकडे द्या. मनोऱ्यावर विजेचं यंत्र बसवू, आपोआप पुढे-मागे होणारं. जुनं काढून टाकू."

एर्सिलियाने किल्ली टेबलावर ठेवली. ती म्हणाली, "मी आयुष्यात कधी काटे मागे ढकलले नाहीत. माझ्या बापाने मला उचलून बाहेर फेकलं असतं. ते कुणीतरी दुसऱ्याने ढकलले."

"दुसरा कोण जाईल वर?" अत्तिलिओ म्हणाला.

तेव्हा मागच्या बाकावरून ओत्तोरिनो उठला. छाती फुगवून उठला. त्याला वाटले, आपल्याला विचारतायत.

"मी गेलो होतो," तो म्हणाला. "कर्तव्यात कसूर नको म्हणून. रविवारी सकाळी सात दहाला मी स्वतः काटे एक तास मागे घेतले. परिपत्रकावर माझी सही आहे, वेळेसकट."

बाकांवरची सगळी डोकी मागे वळली.

"ओत्तोरिनो," निकान्द्रो हळूच म्हणाला, "एर्सिलियाने शनिवारी संध्याकाळी एक तास मागे घेतला. तू रविवारी सकाळी एक घेतलास. अजून एखादा घेतला असतास तर पोरीचं लग्न शनिवारीच लागलं असतं बघ."

सगळा वर्ग हसला. ओत्तोरिनो पांढराफटक पडला. त्याने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि मग त्याला बस, चौक आणि स्वतःचे बोट चावीवर गेलेले आठवले असावे. तो बाकांमधून पुढे आला.

"मावशी, चुकलं माझं," तो म्हणाला. "नोकरी गेली तरी चालेल. पण किल्ली तुम्ही उचला."

"नोकरी कशाला जायला हवी?" एर्सिलिया म्हणाली. "उद्या संध्याकाळी वर ये. दगड कसे चढवायचे ते शिकवते. ज्याला हात लावायची हौस आहे त्याने आधी तेल लावायला शिकावं."

तुम्हाला वाटेल, इथे गोष्ट संपली. पण माणसांची सभा अशी संपत असते का? एकदा जमलेच आहेत तर या पुढे-मागेचाच निकाल लावून टाकू, असे कुणीतरी म्हणाले. देशाचा कायदा काहीही असो, मनोरा आपला आहे, तो बारा महिने एकाच वेळेवर ठेवू. मी वर कान टवकारून बसलो होतो. शंभर वर्षांत पहिल्यांदा माझ्या मनासारखे काही होऊ घातले होते!

"सूर्याचीच वेळ ठेवा," निकान्द्रो म्हणाला. "मेंढीचं आचळ भरलं की ती ओरडते, सरकारला विचारत नाही."

"आणि माझ्या दुकानाचं काय?" अत्तिलिओ उसळला. "उन्हाळ्यात नऊपर्यंत उजेड असतो म्हणून माणसं बाहेर खुर्च्यांवर बसतात. कायद्याची वेळ ठेवा, बारा महिने."

"म्हणजे जानेवारीत आमची पोरं काळोखात शाळेला जाणार?" एक आई म्हणाली.

"मेंढरं जातात की काळोखात."

"तुमची मेंढरं आणि माझी पोरं एक का?"

तासभर हेच. शेवटी हात वर करायला लावले. बदल बंद करा म्हणणारे एकेचाळीस, आहे तसे चालू द्या म्हणणारे एकेचाळीस. एर्सिलियाने हात वर केलाच नव्हता. सगळे तिच्याकडे वळले. बदलाचा त्रास सर्वांत जास्त तिलाच होता, तेव्हा ती काय म्हणणार हे जणू ठरलेलेच होते. मीही मनात म्हटले, सुटलो.

ती म्हणाली, "चालू द्या."

"काय?" अत्तिलिओला खरे वाटेना.

"मार्चमध्ये सरकार सगळ्यांकडून एक तास घेऊन जातं. ऑक्टोबरात परत देतं. तुम्ही तो झोपून घालवता. मी तो मनोऱ्यावर बसून घालवते. वर्षात तेवढा एकच तास आहे ज्यात मला कुणी हाक मारत नाही. माझा तास मी कुणाला देणार नाही."

मला तिचा असा राग आला म्हणून सांगू! त्या रात्रीचे ठोके मी जरा कर्कशच दिले. वर्षातून दोनदा हा छळ, तोही हिच्या एका हातामुळे. मग मला चेस्टनटचा वास आठवला, आणि मी गप्प बसलो.

विजेचे यंत्र आले नाही. ओत्तोरिनो रोज संध्याकाळी येऊ लागला. पहिले वर्ष त्याच्या तळहाताला फोड होते. हळूहळू तो माझ्या आवाजावरून तेल कुठे हवे ते ओळखू लागला. मग एर्सिलियाचे गुडघे गेले आणि ब्याण्णव पायऱ्या तिच्यासाठी डोंगर झाल्या. तेव्हापासून ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी लंबक ओत्तोरिनो धरायचा. एर्सिलिया खाली चौकातल्या बाकावर शाल पांघरून बसायची, मांडीवर वडिलांचे घड्याळ आणि ओच्यात चेस्टनट. वरच्या खिडकीतून ओत्तोरिनो आणि खालून ती, असे त्यांचे तासभर ओरडून बोलणे चाले. सारा गाव ते ऐके. तास भरला की ती हात वर करून हाक द्यायची, "सोड!" आणि तो सोडायचा. सहा ठोके पडले की मनगटे वर यायची.

मधल्या काळात दूर कुठेतरी, देशोदेशींच्या लोकांच्या सभेत, हा बदल कायमचा बंद करा म्हणून हात वर झाले म्हणे. ओत्तोरिनोने वर येऊन मला बातमी वाचून दाखवली. त्यालाही आता बरीच वर्षे झाली. मी अजून पुढे जातो आहे आणि थांबतो आहे. एवढी शिकलेली माणसे, आणि हिवाळा कोणत्या वेळेत काढायचा एवढे ठरत नाही. आमच्या शाळेच्या वर्गातच यांनीही सभा भरवली असावी.

या वर्षी ऑगस्टमध्ये एर्सिलिया गेली. तिच्यासाठी घंटा वाजली ती माझ्याच मनोऱ्यावरून वाजली. माझे काम थांबले नाही. मला ते अवघड गेले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

आणि ऑक्टोबरात तो शनिवार आला.

ओत्तोरिनो वर आला. त्याचेही केस आता पांढरे झाले आहेत. सहाला एक मिनिट कमी असताना त्याने लंबक धरला, फास घातला आणि खिशातून एर्सिलियाच्या वडिलांचे घड्याळ काढले. ती जाताना ते त्यालाच देऊन गेली होती. त्याने चेस्टनट आणले होते. पण ते त्याला नीट भाजता आले नव्हते, एका बाजूने जळले होते. मग त्याने या वर्षीचे परिपत्रक काढले आणि मला पहिल्या ओळीपासून शिक्क्यापर्यंत वाचून दाखवले. बिचाऱ्याला तेवढेच येत होते. त्या एका तासात मी कसलीही तक्रार केली नाही.

खाली चौकात गाव जमला होता. लोरेदाना आणि सिल्व्हेरिओ खोऱ्यातून मुद्दाम वर आले होते. बाक कुणी घेतला नव्हता.

तास भरला. घड्याळ ओत्तोरिनोच्या हातात होते आणि वेळ झालेली त्याला दिसत होती. त्याने फास काढला आणि लंबक हातात घेतला. पण सोडला नाही. तो खिडकीशी उभा राहून खाली बाकाकडे बघत राहिला. एक मिनिट गेले, दोन गेली. खालची माणसे वर बघत होती. चार मिनिटे गेली. मग त्याने नाक ओढले, आणि पुटपुटला, "सोडतो हं, मावशी." आणि हात उघडला.

मी सहा ठोके दिले तेव्हा देशाच्या वेळेप्रमाणे सहा वाजून चार मिनिटे झाली होती. चौकातल्या प्रत्येकाच्या खिशात आता फोन असतो, आणि फोन खरी वेळ सांगतो. तरीही सहाव्या ठोक्याला सगळी मनगटे वर आली आणि सगळी बोटे चावीवर गेली. तेव्हापासून रोक्काव्हेन्तो चार मिनिटे मागे आहे. सरपंच काही बोलत नाही. बसवाला वळणावर चार मिनिटे उभा राहतो. शिक्क्याला उठून उभा राहणारा ओत्तोरिनो रोज संध्याकाळी तेल लावायला येतो, माझ्या काट्यांकडे पाहतो आणि त्यांना हात न लावता उतरून जातो.

मित्रांनो, मोठे झाल्यावर तुमच्यापैकी कुणी कायदे करायला बसलात, तर या पुढे-मागेचा काय तो निकाल एकदाचा लावा, मी थकलो. पण निकाल लावण्याआधी, ज्या वस्तूला हात घालाल ती रोज कोण सांभाळते ते शोधा, आणि पायऱ्या चढून जाऊन त्या माणसाला विचारा. काटे काय, कुणीही ढकलतो. माझ्या मोजणीत मात्र ती चार मिनिटे एर्सिलियाची आहेत, आणि मार्चमध्ये ती परत घ्यायला कुणी आले, तर मी मुळीच देणार नाही.